पहिली कथा टाळ्या घेते, दुसरी कुठे अडते?

थंडी सुरू झाली की सीमाभागात साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कारदगा… एका रविवारी इथे, पुढच्या रविवारी तिथे. ग्रंथदिंडी, अध्यक्षांचे भाषण, दुपारचे जेवण आणि मग कथा-कविता. बातमीदार म्हणून ही संमेलने बघताना एक गोष्ट हटकून दिसते. एखादी मुलगी किंवा मुलगा आपली पहिली कथा वाचतो, मंडपातून टाळ्या येतात, गावातली जाणती माणसं पाठ थोपटतात. पुढच्या वर्षी कार्यक्रमपत्रिकेत ते नाव नसतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "लिहायचं आहे हो, खरं मूडच लागेना." (इथलं 'खरं' म्हणजे 'पण'. इंदूर-बडोद्याच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.)

मूडला दोष देणं सोपं आहे. माझ्या मते अडचण वेगळी आहे. पहिली कथा बहुतेकदा आपोआप येते. आजीचं दुखणं असेल, वडिलांची बंद पडलेली पिठाची गिरणी असेल, ती पंधरा-वीस वर्षं मनात मुरलेली असते. कागदावर उतरवायला एक रात्र पुरते. दुसऱ्या कथेला असा तयार साठा नसतो, ती बनवावी लागते. पहिलीच्या वेळी जे वारं आलं ते परत येईल म्हणून माणूस वाट बघतो, ते येत नाही, आणि 'आपल्यात तेवढं नव्हतंच' असा निकाल तो स्वतःच देऊन टाकतो. खरं तर लिहिण्याचं काम इथूनच सुरू होतं.

वयाचं भूतही असतं. तिशी गाठली, आता काय लिहिणार? आपल्याच भागातली दोन नावं बघा. जी. ए. कुलकर्णी यांचा जन्म १९२३ चा. बेळगावात वाढले, पुढे धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिले. त्यांचा पहिला कथासंग्रह 'निळा सावळा' १९५९ साली आला, तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती. दुसरे प्रकाश नारायण संत. इंदिरा संतांचे चिरंजीव, जन्म १९३७, नोकरी कराडला भूगर्भशास्त्राच्या अध्यापकाची. लंपनच्या कथांचं त्यांचं पहिलं पुस्तक 'वनवास' १९९४ साली निघालं. म्हणजे वयाची सत्तावन्न वर्षं झालेली. त्याच लंपनवर २०२४ मध्ये वेब मालिका आली आणि बेळगावकरांनी ती घरोघरी पाहिली. दोघांनाही लेखनावर पोट भरायचं नव्हतं, दोघेही रोज वर्गावर जात होते. आणि पुणे-मुंबईत राहिल्याशिवाय लेखक होता येत नाही, हा समज तर चंदगड तालुक्यातल्या कोवाडला राहून लिहिणाऱ्या रणजित देसाईंनी केव्हाच खोडून काढलाय.

किर्द आधी, खतावणी नंतर

मी कॉमर्सचा पदवीधर, त्यामुळे हिशेबाच्या भाषेत सांगतो. जुन्या पेढीवर दोन वह्या असायच्या. किर्दीत दिवसभराचे व्यवहार जसे घडतील तसे, तारखेच्या क्रमाने लिहायचे. त्या वेळी विचार करायचा नाही, नोंद चुकवायची नाही. मग निवांत बसून तेच व्यवहार खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचे. नवीन लेखक बहुतेक वेळा या दोन्ही वह्या एकाच वेळी लिहायला बसतो. पहिलं वाक्य लिहितो, आवडत नाही, खोडतो, पुन्हा लिहितो. तासाभराने पान कोरंच. वर म्हणायचं, मूड नाही!

कच्चा खर्डा म्हणजे किर्द. रोज २०० शब्द, आठवड्याचे पाच दिवस. मोबाईलवर मराठी कीबोर्ड असतोच, दुकान बंद केल्यावर किंवा पोरं झोपल्यावर अर्ध्या तासात एवढं होतं. आठवड्याला हजार शब्द झाले. तीन हजार शब्दांची कथा तीन आठवड्यांत कच्ची उभी राहते. मागे वळून दुरुस्त करायचं नाही, नाव सुचलं नाही तर फुली मारून पुढे जायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेल्या दिवसाला टिक करा. चार दिवस सलग टिक पडली की पाचवा दिवस मोडवत नाही, एवढी साधी ती गंमत आहे.

मग कथा आठवडाभर बाजूला ठेवायची आणि खतावणी मांडायची. प्रत्येक पात्राचं एक खातं. याला काय हवंय, याच्याकडे काय आहे, हा कुणाचं काय देणं लागतो? कथेच्या शेवटी यातलं काय बदललं? एखाद्या खात्यावर एकही नोंद पडली नसेल तर ते पात्र कथेत कशाला आहे, हा प्रश्न विचारायलाच हवा. नवोदितांच्या कथांमध्ये असा एक मामा हमखास असतो. येतो, चहा पितो, उपदेश करतो आणि जातो.

'दुःख' हा शब्द काढून बघा

दुरुस्ती म्हणजे नेमकं काय, हे उदाहरणानेच कळेल. समजा, बायपासच्या रस्त्यात शेत गेलेल्या घराची कथा आहे. आपल्याकडे असा विषय शोधायला लांब जावं लागत नाही. पहिल्या खर्ड्यात असं येतं:

"शेत गेल्यामुळे म्हातारी अतिशय दुःखी झाली होती. तिच्या काळजाला असंख्य वेदना होत होत्या. काळ्या आईपासून तिची ताटातूट झाली होती."

आता यातलं दुःख, वेदना, ताटातूट सगळं काढून टाकायचं आणि विचारायचं, सुगीच्या दिवसांत ही म्हातारी सकाळी उठून काय करत असेल?

"म्हातारीने विळा धुतला. अंगठ्याने धार बघितली, परत धुतला. सून दारात उभी. 'कुठं जायलाय हो, अत्ती?' 'कुठं न्हाई. धार गेली काय बघायलोय.'"

शब्द जवळजवळ तेवढेच आहेत. पहिल्या परिच्छेदात म्हातारी दुःखी आहे हे लेखक सांगतो, आणि वाचक 'बरं' म्हणून पुढे जातो. दुसऱ्यात कुणीच काही सांगत नाही, पण कापायला शेतच नाही हे माहीत असलेल्या वाचकाला तो विळा टोचतो. बातमीत मी किती एकर जमीन गेली, मोबदला किती, मोर्चा कधी, एवढंच लिहू शकतो. विळ्याला तिथे जागा नाही, ती कथेत आहे.

सीमाप्रश्नावरच्या कथांचंही असंच होतं. १ नोव्हेंबरचा काळा दिन, लाठीमार, तुरुंग हे इथल्या घराघरातलं वास्तव आहे. तरी मंडपात ऐकू येणाऱ्या अशा पुष्कळ कथा तिसऱ्या पानावर भाषण होतात. त्यात पात्रं घोषणा देतात आणि लेखक त्यांच्या मागे उभा राहून माईक धरतो. प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथे युक्तिवाद करायला वकील आहेत. मोर्चाला गेलेल्या माणसाची बायको संध्याकाळी किती भाकरी थापते, हे वकील सांगणार नाहीत. ते आपण लिहिलं नाही तर पन्नास वर्षांनी या भागाबद्दल फक्त खटल्याची कागदपत्रं आणि आमच्या बातम्या उरतील, माणसं कशी जगत होती ते उरणार नाही.

आपली भाषा चालेल काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. 'काय करायलास', 'ये की', 'वट्टात सांगायचं तर' असं आपण बोलतो. लिहायला बसलो की मात्र पुस्तकातली मराठी आठवते, आणि उचगावचा शेतकरी सदाशिव पेठेतल्यासारखा बोलू लागतो. इंदूरच्या घरात मराठीत हिंदी मिसळते, बडोद्यात गुजराती, हैदराबादेत दख्खनी. तिथल्या लिहिणाऱ्यांचीही हीच तक्रार असणार. संवादातली बोली मुळीच धुऊन काढू नका. लंपनच्या कथांमध्ये कानडीच्या शेजारची मराठी आहे म्हणून तर त्या त्याच गावच्या वाटतात. निवेदनात किती बोली आणायची हे मात्र कथा कोण सांगतंय त्यावर ठरवा. शहरातला वकील कथा सांगत असेल तर तो 'बघायलोय' म्हणणार नाही. आणि बोली म्हणजे नुसतं 'न्हाई', 'हाय' लिहिणं नव्हे. बोलीत माणूस कुठे थांबतो, काय न सांगता सोडतो, ते पकडायचं. त्यासाठी बसस्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत कान उघडे ठेवा आणि घरी गेल्यावर ऐकलेली पाच वाक्यं जशीच्या तशी लिहून काढा. व्हॉइस टायपिंगवर हे काम सोडू नका, कारण त्याला प्रमाण मराठीची सवय असते.

दोन भाषा येणं हा आपला फायदाही आहे. जी. एं.नी कॉनराड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या 'रान', 'शिवार', 'गाव' या नावांनी मराठीत आणल्या. बेळगावात वाढलेल्या उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कानडी कादंबऱ्यांचा अनुवाद केला. तुम्हाला छापायचं नसलं तरी एखाद्या कानडी कथेची चार पानं मराठीत उतरवून बघा. दुसऱ्याचं वाक्य सोडवून परत बांधताना, वाक्य लहान का ठेवलं, परिच्छेद कुठे तोडला, हे जेवढं कळतं तेवढं नुसतं वाचून कळत नाही. कानडी वाचता येत नसेल तर आवडती मराठी कथा हाताने उतरवून काढली तरी चालेल. कंटाळवाणं आहे, पण उपयोगी आहे.

'छान आहे'चा त्रास

व्हॉट्सॲप ग्रुपवर कथा टाकली की बारा अंगठे आणि चार फुलं येतात. त्याने बरं वाटतं, कथा मात्र सुधारत नाही. 'सत्यकथा' मासिक १९८२ साली बंद पडलं, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची आठवण जुने लेखक अजून काढतात, कारण ते लेखकाशी कथेवर बारकाईने चर्चा करत. असे संपादक आता क्वचित भेटतात. मग आपली आपण सोय करायची. तिघे-चौघे जमवा, महिन्यातून एकदा गावच्या वाचनालयात बसा. कथा दुसऱ्या कुणीतरी मोठ्याने वाचायची, लेखकाने गप्प बसायचं. वाचणारा जिथे अडखळतो तिथे वाक्यात काहीतरी गडबड आहे. ऐकणाऱ्यांनी 'आवडली' म्हणायचं नाही, 'इथे माझं लक्ष उडालं', 'ही बाई कोण ते कळलं नाही' एवढंच सांगायचं. घरच्यांना शक्यतो यात घेऊ नका, त्यांना मामा कोण ते ओळखू येतं.

आणि मुदत हवीच. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथालेखकाला आयतं वेळापत्रक मिळालंय. बऱ्याच दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच गोळा होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात किर्द सुरू केली तर महिनाअखेरीस खर्डा तयार, जुलैमध्ये दुरुस्ती आणि गटातलं वाचन, आणि ऑगस्टच्या आत पाठवणी. अंकाचं आवाहन नीट वाचा, शब्दमर्यादा पाळा, युनिकोडमध्ये टाईप करा, एक कथा एका वेळी एकाच अंकाला पाठवा. वहीत चार रकाने आखा: कथेचं नाव, कुठे पाठवली, तारीख, उत्तर. चौथा रकाना बहुतेक कोरा राहील, कारण अनेक अंक नकारही कळवत नाहीत. दिवाळीपर्यंत उत्तर नाही आलं तर नकार समजायचा, कथा एकदा पुन्हा वाचायची आणि जिल्ह्यातल्या एखाद्या कथास्पर्धेला किंवा पुढच्या संमेलनाच्या कथा सत्राला द्यायची. तोवर दुसऱ्या कथेची किर्द उघडलेली असावी.