आयकराचे विवरणपत्र : हिशेबनीस नेमावा की आपण भरावे?

आमच्या अर्धापूर भागातील बागायतदारांपुढे अलीकडे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. केळीचे पैसे पूर्वी रोख मिळत, ते आता बँकेत जमा होतात. उसाचे बिल कारखाना खात्यावर टाकतो. हळदीची पट्टी आडत्याकडून येते ती आकड्यांनिशी येते. खात्यात आकडा मोठा दिसू लागला की मनात शंका येते, "आपणांस आयकराचे विवरणपत्र भरावे लागेल काय? आणि भरावयाचे तर त्यासाठी हिशेबनीस लावावा काय?" महसूल खात्यात कारकुनी करण्यात आमची सारी नोकरी गेली. त्या काळात सात-बाराचे उतारे हजारोंनी लिहून दिले, व सेवानिवृत्तीनंतर स्वतःचे विवरणपत्रही स्वतःच भरले. त्या अनुभवावरून या विषयासंबंधी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

प्रथम मूळ गोष्ट ध्यानी घ्यावी. हिंदुस्थानात १८६० साली जेम्स विल्सन यांनी आयकर आणला, त्यात शेतीचे उत्पन्नही धरले होते. पुढे १८८६ च्या कायद्याने ते वगळले, आणि तेव्हापासून मध्यवर्ती आयकरातून शेतीचे उत्पन्न बाहेरच राहिले आहे. आपल्या राज्यघटनेनेही शेती-उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार केंद्राकडे न देता राज्यांकडे ठेविला आहे. १९६१ च्या आयकर कायद्याने हीच सूट दिली. २०२५ साली त्याच्या जागी नवा कायदा संमत झाला. १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. त्यातही ही सूट कायम आहे. तेव्हा ज्याचे सारे उत्पन्न केवळ शेतीचे आहे, त्यास आयकर नाही, आणि केवळ करासाठी हिशेबनीस लावण्याचेही कारण नाही. त्याची शेती पाच एकर असो की पन्नास एकर असो, त्याने फरक पडत नाही.

परंतु "शेतीचे उत्पन्न" कशास म्हणावे, येथेच पुष्कळांची गफलत होते. हळद काढून ती उकडणे, वाळविणे, पॉलिश करणे ही कामे माल बाजारात नेण्याजोगा करण्यासाठी शेतकरी नेहमीच करीत आला आहे; सबब ते उत्पन्न शेतीचेच होय. रोपवाटिकेतील रोपांचे उत्पन्नही कायद्याने शेतीचेच धरले आहे. परंतु दुसऱ्यांची केळी विकत घेऊन ती पिकविण्याच्या खोलीत पिकवून विकणे हा व्यापार झाला. दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन हीदेखील शेती नव्हे. भाड्याने दिलेला ट्रॅक्टर, दुकानाचा गाळा, बँकेतील मुदत ठेवीचे व्याज, निवृत्तिवेतन, ही सारी निराळी उत्पन्ने आहेत. शेतीचा पैसा ठेवीत ठेविला म्हणून त्याचे व्याज शेतीचे होत नाही.

आता या निराळ्या उत्पन्नाला शेतीचे उत्पन्न कसे भिडते ते पाहावे. १९७२ साली प्रा. के. एन. राज यांच्या समितीने शिफारस केली व १९७३ पासून एक पद्धत सुरू झाली. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असेल, आणि इतर उत्पन्नही करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरविण्यापुरते शेतीचे उत्पन्न मोजणीत धरितात. शेतीवर कर बसत नाही, पण शेतीमुळे इतर उत्पन्न वरच्या दराच्या पायरीवर जाते.

उदाहरण घेऊ. एका गृहस्थास खतांच्या दुकानाचे १० लाख व शेतीचे १० लाख निव्वळ उत्पन्न आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या दरांप्रमाणे २० लाखांवरील कर २ लाख रुपये होतो. त्यातून करमुक्त ४ लाख अधिक शेतीचे १० लाख, मिळून १४ लाखांवरील ९० हजार रुपये वजा करावयाचे. बाकी राहिले १ लाख १० हजार. त्यातून ६० हजारांची सवलत गेली की ५० हजार उरतात, व त्यावर चार टक्के उपकर धरून ५२ हजार रुपये भरावे लागतात. "बारा लाखांपर्यंत कर नाही" एवढेच ऐकून जो स्वस्थ बसला, त्यास ही रक्कम ऐन वेळी जड जाते. शेती नसती तर याच दुकानदारास काहीही द्यावे लागले नसते.

यावरून हिशेबनीस केव्हा लावावा याचे उत्तर आपोआप निघते. आमच्या मते शेतकऱ्यांचे तीन वर्ग करावेत.

पहिला वर्ग, केवळ शेतीवर राहणाऱ्यांचा. त्यांनी हिशेबनिसास पैसे देऊ नयेत. बँकेने ठेवीच्या व्याजातून कर कापला असेल व तो परत हवा असेल, तर मात्र विवरणपत्र भरल्यावाचून तो मिळत नाही.

दुसरा वर्ग, शेतीबरोबर पगार, निवृत्तिवेतन अथवा व्याज एवढेच असणाऱ्यांचा. आम्ही स्वतः याच वर्गात मोडतो. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर विवरणपत्र विनामूल्य भरता येते. खात्याजवळ आपल्या उत्पन्नाची जी नोंद असते, ती वार्षिक माहितीपत्रकात आधीच पाहावयास मिळते. ती बँकेच्या पुस्तकाशी ताडून पाहिली म्हणजे बहुतेक काम झाले. एवढे मात्र सांभाळावे की शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांवर असेल तर एक क्रमांकाचा सोपा नमुना चालत नाही, दोन क्रमांकाचा घ्यावा लागतो. आणि ते ५ लाखांवर असेल तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, ती स्वतःची की खंडाने घेतलेली, बागायत की जिरायत, हा तपशील द्यावा लागतो. घरात शिकलेला मुलगा वा मुलगी असेल तर एका दुपारचे हे काम आहे. भरल्यानंतर तीस दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावी, नाहीतर भरले न भरले सारखेच.

तिसरा वर्ग, ज्यांनी जाणत्या माणसाकडे गेलेच पाहिजे त्यांचा. दुकान, आडत, पिकवणी-केंद्र यांसारखा धंदा असेल. घरच्या हळदीची पूड करून विकत असाल, की ज्यात शेतीचा भाग किती व धंद्याचा किती हे वेगळे काढावे लागते. जमीन एकत्र कुटुंबाची असून पैसा एकाच भावाच्या खात्यात येत असेल. अथवा जमीन विकली किंवा सरकारने घेतली असेल, तर हिशेबनिसाची फी वाचविण्यात शहाणपण नाही.

जमिनीच्या विक्रीचा नियम थोडक्यात सांगतो. गावाकडील शेतजमिनीच्या विक्रीवर कर नाही; परंतु नगरपंचायत, नगरपालिका वा महानगरपालिका यांच्या हद्दीतील व हद्दीजवळील जमीन त्यातून वगळली आहे. हद्दीपासूनचे हे अंतर लोकसंख्या १० हजारांवर असेल तर २ किलोमीटर, १ लाखावर ६ किलोमीटर व १० लाखांवर ८ किलोमीटर असे असून ते रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत मोजतात. अर्धापूर येथे नगरपंचायत झालेली आहे, तेव्हा गावालगतच्या मळ्यास हा नियम लागतो. मोबदल्याचेही तसेच. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालील निवाड्याच्या रकमेवर त्याच कायद्याच्या कलम ९६ प्रमाणे आयकर नाही, व २०१६ च्या परिपत्रक क्रमांक ३६ ने ते स्पष्टही केले आहे. परंतु उशिरा मिळालेल्या वाढीव मोबदल्यावरील व्याज आयकर खाते निराळे धरते. १९६१ च्या कायद्यात त्यातील निम्मे वजा जाऊन उरलेले करपात्र ठरे. शिवाय राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन १९५६ च्या निराळ्या कायद्याखाली जाते. अशा वेळी निवाड्याची प्रत घेऊन सनदी लेखापालाकडे जावे. एका भेटीची फी लाखांचे नुकसान टाळते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हिशेबनीस नेमला म्हणजे जबाबदारी त्याच्यावर गेली, ही समजूत साफ चुकीची आहे. विवरणपत्र ज्याच्या नावाचे, जाब त्यासच विचारला जातो. आमच्या परिचयाच्या एका बागायतदारांनी ठेवीच्या व्याजातून कापलेला कर परत मिळविण्यासाठी एका इसमाकडे कागद दिले. परताव्यातील चौथा हिस्सा ही त्याची फी. त्याने न भरलेले विम्याचे हप्ते व न दिलेले घरभाडे दाखवून परतावा फुगविला. संकेतस्थळावर मोबाइल व ईमेलही त्याने स्वतःचेच नोंदविले होते. त्यामुळे खात्याची पहिली नोटीस आमच्या स्नेह्यांस दिसलीच नाही. शेवटी रक्कम व्याजासह त्यांनीच भरली, आणि त्या इसमाचा फोन लागेना. हा प्रकार एकट्यादुकट्याचा नव्हे. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने खोट्या वजावटी दाखविणाऱ्या अशा मध्यस्थांच्या देशभरातील सुमारे १५० ठिकाणी तपासणी केली. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास बुडविलेल्या कराच्या २०० टक्के दंडाची तरतूद आहे. अशी चूक आपल्याकडून झालीच असेल तर अद्ययावत विवरणपत्र भरून, जादा कर देऊन ती आपणहून दुरुस्त करता येते. २०२५ साली ही मुदत २४ महिन्यांवरून ४८ महिने करण्यात आली.

तेव्हा हिशेबनीस निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. तो सनदी लेखापाल म्हणवीत असेल तर त्याचा सदस्य क्रमांक विचारावा. फी आधी ठरवून पावती घ्यावी. परताव्यात हिस्सा मागणाऱ्यास दारातूनच नमस्कार करावा. मोबाइल व ईमेल आपलेच नोंदवावेत, व मोबाइलवर येणारा संकेतांक आकडे वाचल्याखेरीज कोणास सांगू नये. आणि भरलेल्या विवरणपत्राची प्रत घरी ठेवावी.

हिशेबनीस चांगला मिळाला तरी तो आपल्या कागदांवरच चालणार. येथे आमच्या जुन्या खात्यातील अनुभव सांगावासा वाटतो. सात-बाराच्या पीकपाहणीकडे शेतकरी फारसे लक्ष देत नाहीत. मळ्यात केळी उभी, आणि उताऱ्यावर कापूस अथवा पडीत, असे उतारे आम्ही कितीदा पाहिले आहेत! पीक कर्ज वा विमा अडला म्हणजे लोक चावडीवर धावत येत. आयकराच्या चौकशीतही हाच उतारा पुढे येतो. महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात शेती-उत्पन्नाची ६,७७८ प्रकरणे पाहिली, तेव्हा त्यांतील सुमारे साडेबावीस टक्के प्रकरणांत पुरेशा कागदांवाचूनच सूट दिली गेल्याचे आढळले. त्यानंतर पुरावा मागितला गेला तर नवल नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीने आपले पीक आपणच मोबाइलवरून नोंदविता येते. ती नोंद हंगामातच करावी.

याखेरीज एक वही घालावी. आडत्याच्या पट्ट्या, कारखान्याची ऊसबिले, खते, बेणे व औषधे यांच्या पावत्या, मजुरीचा खर्च, खंडाचा करारनामा, हे सारे तारीखवार लावावे. एकाच व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख रुपये वा अधिक रोखीने घेऊ नयेत. तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

ज्याची वही नीट, त्यास बहुधा हिशेबनीस लागत नाही. आणि लागलाच तर त्याचे काम थोडे व फीही थोडी. ज्याची वही नाही, त्यास कितीही हुशार हिशेबनीस तारू शकत नाही. तेव्हा "हिशेबनीस लावू का?" हे विचारण्यापूर्वी प्रत्येकाने "शेताबाहेरून माझ्या घरी किती पैसा येतो, आणि त्याचा कागद माझ्याजवळ आहे काय?" हे स्वतःस विचारावे. या दोन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिली की पुढचा निर्णय अवघड राहत नाही. येत्या हंगामाच्या पहिल्या पट्टीपासूनच ही वही घालावी, एवढी शेतकरी बंधूंस आमची विनंती आहे.