दुकानाचा विमा हाय, पण कशाचा?

मलकापूर : कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचे मलकापूर म्हणजे साऱ्या शाहूवाडी तालुक्याची बाजारपेठ. इथल्या दुकानदाराला विम्याचे विचारले, की ठरलेले उत्तर मिळते, "बँकेनं काढलाय की!" पॉलिसी कुठे आहे? बँकेतच. त्यात काय लिहिलेय? ते कुणी वाचलेले नसते.

बँक विमा काढते तो बहुधा तारण मालाचा, तोही कागदावरच्या पत्त्यावरचा. माल मागच्या गल्लीतल्या नव्या गोदामात हलवला आणि कंपनीला कळवले नाही, तर तिथल्या नुकसानीला ती पॉलिसी उपयोगाची नाही. फर्निचर, फ्रीज, वजनकाटा हेही वेगळे लिहून घ्यावे लागते.

१ एप्रिल २०२१ पासून लहान व्यवसायांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी सर्व कंपन्यांना ठेवावी लागते. एका जागेवरची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर ती घेता येते. आग, वीज, वादळ, पूर, दरड हे सारे तिच्यात येते. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या जिल्ह्याला पुराचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मात्र साधी घरफोडी तिच्यात नाही, त्याला चोरीचा विमा निराळा. त्यातही कुलूप, कडी तोडल्याची खूण लागते. गिऱ्हाइकाने गर्दीत डबा पळवला, तर भरपाई विसरा.

खरी गोम रकमेत आहे. हप्ता वाचवायला दहा लाखांचा माल पाच लाखांचा दाखवला आणि पुरात दोन लाखांचा भिजला, तर मिळतात एकच लाख. "पाच लाखांचा विमा हाय, दोन लाख का देत न्हाई?" हा वाद मग कामाचा नाही, कारण विमा निम्म्याचाच होता. 'सूक्ष्म उद्यम'मध्ये पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापुढे हाच हिशेब. दिवाळीला माल भरतो, तेव्हाचा आकडा धरावा.

टेंपो असेल तर थर्ड पार्टी विमा कायद्यानेच सक्तीचा. पण त्यात आपल्या गाडीचे नुकसान येत नाही. हमाल, कामगार कामावर जखमी झाला, तर कायद्याने मालकावर जबाबदारी येऊ शकते. तिचाही विमा मिळतो, पण तो घेण्याचे फारसे कुणाच्या मनात येत नाही. बँक खात्यातून वर्षाला वीस रुपयांत निघणारा सुरक्षा विमा हा माणसाच्या अपघाताचा, दुकानाचा नव्हे.

पाणी ओसरले की आपण आधी चिखल काढतो, भिजलेली पोती उकिरड्यावर टाकतो. तसे करू नये. कंपनीला लगेच कळवावे, फोटो काढावेत, सर्व्हेअरला माल दाखवावा. खरेदीची बिले आणि स्टॉकवही घरी, माळ्यावर ठेवावी. दुकानासंगं तीबी भिजली तर दाखवायचं काय?

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिथे दाद लागली नाही, तर पुण्यात विमा लोकपाल आहेत. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायला हवे.

तूर्त बँकेत जाऊन पॉलिसीची एक प्रत मागून घ्या, आणि पत्ता तेवढा वाचून बघा.