अक्षरं शेकडो, कळफलक तोच!

इथिओपियाच्या 'फिदेल' लिपीत अम्हारिक भाषेच्या मुख्य तक्त्यात ३३ ओळी आणि प्रत्येक ओळीत सात रूपं, म्हणजे २३१ अक्षरं! ओठ गोल करून म्हणायची आणखी वेगळीच. आपण 'क'ला वेलांटी लावतो. तिथे स्वर बदलला की अक्षराचंच वळण बदलतं. युनिकोडमध्ये म्हणूनच प्रत्येक रूपाला स्वतंत्र क्रमांक आहे.

आता एवढा कारभार साध्या इंग्रजी कळफलकावर? 'ईमॅक्स' या मोफत टेक्स्ट एडिटरमध्ये सोय तयार आहे. कंट्रोल-एक्स, एंटर, कंट्रोल-बॅकस्लॅश दाबून 'इथिओपिक' हे नाव द्यायचं. मग एस, ई, एल, ए, एम या पाच कळांतून तीन अक्षरांचं 'सेलाम' उमटतं. लहान टी साधा 'त', मोठा टी झटका देऊन म्हणायचा वेगळा वर्ण. आयट्रान्सने देवनागरी टाइप करणाऱ्यांना ही युक्ती लगेच कळेल. तीही पद्धत ईमॅक्समध्ये आहेच. आणि ही इथिओपियन सोय लिहिली कुणी? जपानच्या ताकाहाशी नाओतो यांनी! लिपीवर प्रेम करायला ती आपलीच असावी लागत नाही.

विरामचिन्हं तर फारच देखणी. जुन्या रीतीने दोन शब्दांमध्ये दोन ठिपके, वाक्य संपलं की चार, प्रश्नाला एकाखाली एक तीन. अंकांत मात्र शून्य नाही. दहा, शंभर, दहा हजार यांना स्वतंत्र चिन्हं.

छपाईही जुनी. जर्मनीच्या योहान्स पोट्केनने १५१३ साली रोममध्ये या लिपीतलं स्तोत्रांचं पुस्तक छापून घेतलं. पुढे इथिओपियासाठी पोर्तुगालहून निघालेला एक छापखाना १५५६ मध्ये गोव्यात उतरला आणि तिथेच राहिला. भारतातला पहिला छापखाना तो हाच!

आज प्रिंटरवर फिदेल उमटवायची तर थोडी मांडामांड लागते, कारण ईमॅक्सची पोस्टस्क्रिप्ट छपाई मुळात लॅटिन अक्षरं धरून चालते. बीडीएफ फॉन्ट उतरवून घ्या, त्यांचं फोल्डर 'बीडीएफ-डिरेक्टरी-लिस्ट'मध्ये नोंदवा, 'पीएस-मल्टिबाइट-बफर'ला 'बीडीएफ-फॉन्ट' हे मूल्य द्या. ठिपक्याठिपक्यांनी रेखलेली अक्षरं मग फाइलमध्येच बसून जातात; प्रिंटरकडे फिदेलचा फॉन्ट नसला तरी अडत नाही. चाचणीसाठी कंट्रोल-एच आणि मग एच दाबा: अनेक भाषांतल्या नमस्कारांची यादी उघडते, अम्हारिकही त्यात आहे. तेच पान छापून बघा.