वनौषधींचें आयुष्य

गेल्या पावसाळ्यांत माझी भाची बाळंत झाली. मुलाला पंधरा दिवस होतात न होतात तोंच तिचें पत्र आलें: "मामा, आजीची गुटीची डबी तुमच्याकडे आहे ना? ती पाठवा." माझी आई वारून आतां सहा वर्षें झालीं. तिच्या मागें राहिलेल्या थोड्या वस्तूंपैकीं ही पितळेची डबी मीं कपाटाच्या वरच्या फळीवर जपून ठेविली होती. याच डबींतील मुळ्या सहाणेवर उगाळून तिनें आम्हां भावंडांस आणि पुढें आमच्या मुलांस गुटी दिली होती. डबी खालीं काढून उघडली, तों आंतून ओल्या गोणपाटासारखा वास आला. हळकुंडास बारीक वाटोळीं भोकें पडलीं होतीं, मायफळावर हिरवट बुरशी चढली होती, ज्येष्ठमधाचा भुगा झाला होता. आणि ज्या वेखंडाचा वास एके काळीं शेजारच्या खोलींत येई, तें नाकाशीं धरलें तरी वाळल्या काडीसारखें वाटलें.

भाचीस काय लिहावें हा प्रश्न पडला. आईची वस्तू निरुपयोगी झाली असें लिहिण्यास हात धजेना. शिवाय आपल्या लोकांत एक दृढ समजूत आहे कीं, झाडपाल्याचें औषध कधीं बिघडत नाहीं. बिघडतें तें डॉक्टरांचें. ही समजूत कितपत खरी आहे हें मीं तेव्हां नीट पाहिलें. तें विद्यार्थ्यांच्या घरींही उपयोगी पडेल, म्हणून येथें मांडतों.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, आपल्या जुन्या वैद्यांची अशी समजूत मुळींच नव्हती. शार्ङ्गधरसंहितेच्या पूर्वखंडांत औषधांच्या वीर्याची मुदत स्पष्ट दिली आहे. वाळविलेली साधी वनस्पति एका वर्षानें निःसत्त्व होते. तिचें चूर्ण केलें तर तें अवघे दोन महिने टिकतें. गोळ्या व अवलेह वर्षभर, आणि औषधी तुपें व तेलें सोळा महिने, असा अर्थ टीकाकार लावतात. याउलट आसवें, अरिष्टें, भस्में व रसौषधें जितकीं जुनीं तितकीं गुणकारी. गुळवेल, अडुळसा, कोहळा, शतावरी अशा कांहीं वनस्पति नेहमीं ओल्याच वापराव्या, असेंही तेथें म्हटलें आहे. आणि वावडिंग, पिंपळी, गूळ, मध हे मात्र जुने घ्यावे, असा अपवादही केला आहे. म्हणजे 'जुनें तें सोनें' हा नियम थोड्याच वस्तूंचा होता. तो आपण आळसानें साऱ्या डब्यास लावून टाकिला.

वनस्पति वर्षभर टिकते आणि तिचेंच चूर्ण दोन महिन्यांत कां मरतें? लवंगेचा दाखला घ्या. अख्खी लवंग बरणींत वर्षभर ठेविली तरी दांतांखालीं धरतांच जिभेस झोंबते. पण तिची पूड करून ठेवा, थोड्याच दिवसांत ती मंद होते. लवंगेचें तेल तिच्या अंगांतील सूक्ष्म पिशव्यांत कोंडलेलें असतें. कुटतांना त्या पिशव्या फुटतात, आणि तेलास उडून जाण्यास वाट मिळते. शिवाय एका तुकड्याचे हजारों कण झाल्यामुळें हवेचा, उजेडाचा व ओलाव्याचा स्पर्श कितीतरी पट वाढतो. ओवा, सुंठ, वेखंड, दालचिनी या साऱ्यांची तीच गोष्ट. म्हणून माझें मत असें कीं, घरांत चूर्णाचे डबे भरून ठेवण्यापेक्षां अख्खीं द्रव्यें ठेवावीं आणि लागेल तेवढेंच कुटावें. श्रम पडतात खरे, परंतु श्रम वांचवून शेवटीं आपण पोटांत भुसा घालतों.

सत्त्व जाणें हा झाला एक प्रकार. त्यानें रोगी बरा होत नाहीं, इतकेंच. दुसरा प्रकार याहून वाईट. तो म्हणजे बुरशी. वनस्पति नीट वाळली नसेल, किंवा वाळलेली वनस्पति पावसाळ्यांत हवेंतील ओल शोषून घेईल, तर तिच्यावर बुरशी धरते. पुष्कळ लोक ती फडक्यानें पुसतात, वस्तूस ऊन दाखवितात, आणि पुन्हां डब्यांत भरतात. माझी आईही तसेंच करी. तिचा दोष नाहीं, कारण तिला हें कोणीं सांगितलें नव्हतें. १९६० सालीं इंग्लंडांत हजारों टर्की पक्षी एकाएकीं मेले. त्यांच्या भुईमुगाच्या पेंडींत एका बुरशीनें उत्पन्न केलेलें विष होतें, असें शोधाअंतीं आढळून आलें. त्यास अफ्लाटॉक्सिन असें नांव मिळालें. पुढें १९७४ सालीं गुजरात व राजस्थान यांच्या सीमेकडील आदिवासी गांवांत बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसें काविळीनें दगावलीं. या विषाचा धर्म असा कीं, बुरशी पुसली तरी तें आंत मुरलेलें राहतें, आणि शिजविल्यानें किंवा भाजल्यानें पुरतें नष्ट होत नाहीं. तेव्हां बुरशी दिसली कीं ती वस्तू टाकलीच पाहिजे. थोडी खरवडून बाकीची वापरणें म्हणजे विष झांकून वापरणें होय.

किडीचेंही तसेंच. सुंठ व हळकुंड यांस पोखरणारा एक तांबूस लहान किडा असतो. सुंठीचा तिखटपणाही त्यास अडवूं शकत नाहीं. वाटोळें भोक व तळाशीं पिठासारखा भुगा ही त्याची खूण. त्याला हांकण्यासाठीं कित्येक लोक कपाटांत डांबराच्या गोळ्या टाकतात. कपड्यांत त्या शोभतात. औषधांत त्यांचा वास व विष दोन्ही उतरतात.

तेलातुपाची परीक्षा नाकानें व जिभेनें होते: खवट वास आला कीं तें गेलें. अवलेहावर पाणी सुटणें, फेंस येणें किंवा आंबूस वास येणें हीं वाईट चिन्हें होत. चूर्णाचे खडे बनले तर त्यांत ओल शिरली असें समजावें. आसवारिष्टांच्या तळाशीं थोडा गाळ बसला तर घाबरण्याचें कारण नाहीं. त्यांत आंबण्याच्या क्रियेनें आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो व तोच त्यांना टिकवितो. परंतु बूच सैल राहून हवा आंत जात राहिली, तर त्याच मद्यार्काचा शिरका होतो. मग वर्षांचा हिशेब फुकट. तथापि एक गोष्ट विसरूं नये: अफ्लाटॉक्सिनास ना रंग, ना वास. डोळे व नाक वाईट वस्तु पकडतात, चांगलीची हमी देत नाहींत.

सांठवणीचे नियम यांतूनच निघतात, त्यांवर फार लिहीत नाहीं. कांचेची, शक्यतों गडद रंगाची, घट्ट झांकणाची बरणी घ्यावी. तांब्यापितळेच्या भांड्यांत आंबट वस्तु कळकतात. चुलीजवळचें व न्हाणीजवळचें कपाट टाळावें. आमच्या घरांत औषधें नेमकीं चुलीवरच्या फळींतच असत! बरणींत ओला चमचा घालूं नये. आणि प्रत्येक बरणीवर वस्तूचें नांव व ती भरल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी असावी. धोतऱ्याचें बीं व मिरचीचें बीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहा, म्हणजे चिठ्ठीचें महत्त्व कळेल. एकापासून भाजी होते, दुसऱ्यापासून माणूस भ्रमिष्ट होतो.

विकतच्या औषधाच्या वेष्टनावर मुदत संपण्याची तारीख छापणें आज कायद्यानें बंधनकारक आहे. ती मुदत शार्ङ्गधरानें दिलेल्या मुदतीहून पुष्कळदां लांब असते, हें पाहून कोणी गोंधळूं नये. ती न फोडलेल्या, योग्य जागीं ठेविलेल्या बाटलीची असते. बूच काढल्या दिवसापासून दुसरा हिशेब सुरू होतो. म्हणून बाटली फोडल्याची तारीखही तिच्यावर लिहून ठेवावी. तारीख उलटलेलें औषध कामवाल्या बाईस किंवा भिकाऱ्यास देण्याची एक चाल मीं पाहिली आहे. तिला दानधर्म म्हणणें मला जमत नाहीं.

आतां गुटी. तिच्या मुळ्या रोज पाण्यांत किंवा दुधांत उगाळतात आणि ओल्याच्या ओल्या डबींत परत टाकतात. बुरशीला याहून चांगलें शेत कोणतें? उगाळल्यावर प्रत्येक मुळी धुवून, पुसून, पुरती वाळवूनच ठेवावयास हवी, आणि दर वर्षीं नवीन आणावयास हवी. त्यांतच, वेखंड व जायफळ यांचे वेढे जरा अधिक झाले तर तान्ह्या मुलास बाधतात. चाटण्यासाठीं जो मध घालतात, तोही वर्षाच्या आंतील मुलास देऊं नये, कारण त्यांतील कांहीं जंतूंचीं बीजें अशा कोंवळ्या आंतड्यांत रुजून विष उत्पन्न करूं शकतात. पहिले सहा महिने मुलास आईच्या दुधावांचून कांहींच देऊं नये, असें आजचे डॉक्टर सांगतात. हें वाचून घरोघरच्या आज्या माझ्यावर रागावतील याची मला कल्पना आहे.

शेवटीं भाचीस जें होतें तें सारें लिहिलें, आणि कांहीं विचारावयाचें तर डॉक्टरांस विचार, असें कळविलें. मुळ्या मीं परसांत खड्डा करून पुरल्या. हळकुंड तेवढें क्षणभर हातांत राहिलें, त्याच्या एका बाजूस उगाळून उगाळून पडलेला उतार आईच्या बोटांचा होता. मग तेंही टाकलें. डबी चिंचेनें घांसून, दोन दिवस उन्हांत ठेवून, सहाणेसह पाठवून दिली. तिनें उलट टपालीं कळविलें कीं, डबींत ती सुईदोरा ठेवीत आहे.