‘बोली’ आणि बोलणे : ईबे–स्काइप व्यवहाराचा एक विचार

लिलावातील ‘बोली’ हा शब्द बोलण्यावरून आला. गोवंडीलगतच्या देवनार येथे बकरी ईदपूर्वी भरणाऱ्या बाजारात तो आजही अन्वर्थक आहे : आवाजाचा चढउतार, मुद्दाम धरलेले मौन, निघून जाण्याचा आव, ही सारी सौद्याचीच अंगे होत. महाजालावरील ईबे या बाजारपेठेत मात्र बोली लिहावी लागे. सप्टेंबर २००५ मध्ये तिने स्काइप ही दूरसंभाषण-सेवा सुमारे २.६ अब्ज डॉलरांस घेण्याचे जाहीर केले, ते ग्राहक-विक्रेत्यांत बोलणे सुरू झाल्यास सौदे वाढतील, या अपेक्षेने. (मुंबईची ‘बाझी’ तिने आदल्याच वर्षी घेतली होती.)

वस्तुतः या पेठेतील विश्वास लेखनावरच उभा होता. मालाचे वर्णन, चालू बोली, विक्रेत्याविषयीचे अभिप्राय सर्वांस वाचता येत. अनोळखी माणसाशी बोलावे लागत नाही, ही तर तेथील मोठी सोय! शिवाय तंटा झाल्यास उच्चारलेल्या शब्दास साक्षीदार कोठला? २००७ मध्ये ईबेने या व्यवहारापोटी सुमारे १.४ अब्ज डॉलरांचा भार हिशेबात दाखविला. २००९ मध्ये बहुतांश हिस्सा विकला. परस्परांस आधीच ओळखणारी माणसे, परदेशी गेलेली मुले व त्यांचे आईवडील, स्काइपवर बोलतच राहिली. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने तीच सेवा ८.५ अब्ज डॉलरांस घेतली व मे २०२५ मध्ये बंद केली.