दारिद्र्याची मोजणी आणि मोजणीचे शब्द : अहिल्यानगर जिल्ह्याच्या निमित्ताने

निर्धन माणसासाठी मराठीत जे दोन शब्द सर्वाधिक रूढ आहेत, त्यांच्या मुळाशी गेल्यास एक लक्षणीय साम्य आढळते. ‘दरिद्र’ हा शब्द संस्कृतातील ‘द्रा’, म्हणजे धावणे, ह्या धातूच्या पौनःपुन्यदर्शक रूपावरून आला असून इतस्ततः भटकणारा हा त्याचा जुना अर्थ होय. निर्धन हा अर्थ त्यास मागाहून प्राप्त झाला. ‘गरीब’ हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे आपल्याकडे आला. मूळ अरबीत त्याचा अर्थ परका, आपल्या मुलखापासून दूर असलेला, असा आहे. दोन्ही शब्द धनाचा अभाव सांगण्यापूर्वी ठिकाणाचा अभाव सांगत होते. व्युत्पत्तीवरून आजच्या समाजस्थितीविषयी काही सिद्ध होत नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि दारिद्र्य मोजण्याच्या आजच्या पद्धती माणूस एका घरी व एका गावी स्थिर आहे असे गृहीत धरतात, आणि जो स्थिर नाही तो त्यांच्या हातून निसटतो. हे कसे घडते ते अहिल्यानगर जिल्ह्याच्या उदाहरणाने पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम मापांचा विचार करू. संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ ध्येये स्वीकारली. त्यांतील पहिले दारिद्र्यनिर्मूलनाचे. त्याचे एक उद्दिष्ट असे की, प्रत्येक देशाच्या स्वतःच्या व्याख्येप्रमाणे जे दरिद्री ठरतात त्यांचे प्रमाण २०३० पर्यंत निदान निम्मे व्हावे. अर्थात व्याख्या करण्याचे काम देशावर येऊन पडते. आपल्याकडे ह्या कामास जुनी परंपरा आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ ह्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणशी रोज २,२५० उष्मांकांचे अन्न मिळू शकेल इतका खर्च ही मर्यादा मानली होती. पुढे सुरेश तेंडुलकर ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००९ मध्ये केवळ उष्मांकांचा आधार सोडून शिक्षण व आरोग्य ह्यांवरील खर्चही विचारात घेतला. अलीकडे नीती आयोगाने बहुआयामी दारिद्र्याचा निर्देशांक तयार केला आहे. त्यात पोषण, प्रसूतिपूर्व तपासणी, मुलांची शाळेतील उपस्थिती, स्वयंपाकाचे इंधन, पिण्याचे पाणी, घर, बँकेतील खाते इत्यादी १२ दर्शक आहेत. ह्या गणनेनुसार २०१५-१६ ते २०१९-२१ ह्या काळात बहुआयामी दारिद्र्यातील लोकांचे प्रमाण देशात २४.८५ टक्क्यांवरून १४.९६ टक्क्यांवर, तर महाराष्ट्रात १४.८० वरून ७.८१ टक्क्यांवर आले. प्रगती खरी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

मात्र ह्या निर्देशांकाचे एकक व्यक्ती नसून कुटुंब आहे. कुटुंब वंचित ठरले की त्यातील प्रत्येकजण वंचित ठरतो. कुटुंब सुटले की सर्वजण सुटतात. कुटुंब म्हणजे काय? सरकारी पाहणीत त्याचे उत्तर सामाईक स्वयंपाक असे आहे. मराठी माणसास हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. ‘त्यांच्या चुली वेगळ्या झाल्या’ असे आपण म्हणतो, तेव्हा हीच व्याख्या आपल्या तोंडी असते. पण जी चूल वर्षाकाठी सहा महिने एका ठिकाणी आणि सहा महिने दुसऱ्या ठिकाणी पेटते, ती कोठे मोजावयाची?

हा प्रश्न अहिल्यानगरात केवळ तात्त्विक राहत नाही. २०२४ पर्यंत अहमदनगर ह्या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. त्यात १४ तालुके असून २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ व साक्षरता सुमारे ७९ टक्के होती. पश्चिमेस अकोल्याच्या डोंगरात प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले; त्याचे पाणी कालव्यांनी खाली गेले व तेथे ऊस उभा राहिला. त्याच पट्ट्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नाने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना निघाला आणि १९५० च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले. उलट पाथर्डी, जामखेड, कर्जत हे पूर्व व दक्षिण बाजूचे तालुके अवर्षणाचे. तेथील शेती पावसाच्या भरवशावर चालते. धरण ज्या अकोल्यात आहे, तेथील महादेव कोळी व ठाकर वस्त्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते. जिल्ह्याची सरासरी काढली म्हणजे ह्या सर्वांचा एक आकडा होतो, आणि तो ह्यांपैकी कोणाचाच नसतो.

पाथर्डी व शेवगाव ह्या भागांतून, शेजारच्या बीड जिल्ह्याप्रमाणेच, हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. काही जिल्ह्यातीलच कारखान्यांवर जातात, तर काही पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात. ह्या व्यवसायाचा शब्दसंग्रह अभ्यासण्याजोगा आहे. ‘मुकादम’ मजुरांची टोळी जमवितो व आगाऊ रक्कम देतो. तिला ‘उचल’ म्हणतात. फडाजवळच्या पाचटाच्या खोपटास ‘कोपी’ म्हणतात. आणि उचल ज्या एककास दिली जाते त्याचे नाव ‘कोयता’. कोयता हे हत्याराचे नाव खरे. परंतु व्यवहारात नवरा व बायको मिळून एक कोयता होतो, आणि एकट्या मजुरास ‘अर्धा कोयता’ म्हणतात. लक्षणेचे हे उदाहरण अलंकारशास्त्राच्या पुस्तकात शोभेल. पण तिचे हिशेबातील परिणाम कठोर आहेत. उचल कोयत्याची, फेड कोयत्याची. त्यातील स्त्रीची मजुरी किती, हा प्रश्न त्या हिशेबात उद्भवतच नाही. बांधावर बसलेले मूल तर अर्ध्या कोयत्यातही जमा होत नाही.

आता सरकारी मोजणी व हे एकक एकमेकांसमोर ठेवून पाहावे. २०११ ची लोकगणना ९ ते २८ फेब्रुवारी ह्या दिवसांत झाली व तिचा संदर्भदिन १ मार्च होता. जो माणूस ह्या संपूर्ण अवधीत आपल्या गावी नसेल, त्याची गणना गावी न करता तो जेथे असेल तेथे करावी, असा नियम आहे. परंतु फेब्रुवारी हा गाळपाच्या ऐन हंगामाचा महिना. त्यामुळे पाथर्डीचे कुटुंब नियमाप्रमाणे दुसऱ्याच तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या कोपीत मोजले जाते. कोपीकडे प्रगणकाचे लक्ष गेले नाही, तर ते कोठेच मोजले जात नाही. नमुना-पाहणीत अडचण निराळी आहे. पाहणीसाठी निवडलेले घर कुलूपबंद आढळते; किंवा घरी केवळ म्हातारी माणसे असतात व त्यांच्या उत्तरांवरून कुटुंबाचे चित्र तयार होते. गावच्या शाळेच्या पटावर मुलाचे नाव असते आणि मूल फडात असते. गर्भवतीची एक तपासणी गावी होते व पुढच्या तपासणीच्या वेळी ती शंभर कोसांवर असते. प्रसूतिपूर्व तपासणी व शाळेतील उपस्थिती हे त्या १२ दर्शकांपैकीच दोन होत, हे वाचकांच्या ध्यानात असेलच. ज्यांच्यासाठी हे दर्शक योजले, नेमकी तीच माणसे दर्शकांच्या कक्षेबाहेर राहण्याचा संभव सर्वाधिक असतो. २०२७ च्या जनगणनेसाठीही १ मार्च हाच संदर्भदिन ठरलेला आहे.

मोजणी निराळ्या रीतीने होऊ शकते, ह्याचे उदाहरणही ह्याच जिल्ह्यात आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार ह्यांच्या पुढाकाराने १९९० नंतर पाणलोटाची कामे झाली. १९९५ च्या पाहणीत गावातील १८२ पैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. पुढे ही संख्या तीनवर आली. पाणी अडले व पिकांची शिस्त पाळली गेली, हे त्याचे मुख्य कारण. परंतु आमच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. गावाने दोन वेळचे जेवण, मुलांचे शिक्षण व औषधोपचार हा खर्च न झेपणारा तो गरीब, असा आपला निकष ठरविला, आणि कोणते घर त्यात बसते ह्याची शहानिशा ग्रामसभेत होऊ लागली. तेथे ‘गरीब’ हा शब्द तक्त्यातील रकाना न राहता शेजाऱ्याचे वर्णन झाला. गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली, तीही त्या हिशेबात दिसली, कारण गावास त्यांची नावे ठाऊक होती. प्रत्येक गावात ग्रामसभा अशी निःपक्ष असेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. म्हणून गावाची यादी ही सरकारी पाहणीची जागा घेऊ शकत नाही. ती पाहणीची पडताळणी मात्र करू शकते.

ह्यावरून काही साध्या गोष्टी निष्पन्न होतात. जिल्ह्याचा आकडा तालुक्यांच्या आकड्यांशिवाय प्रसिद्ध होऊ नये. हंगामी स्थलांतर असलेल्या भागात एकच पाहणी पुरेशी मानू नये. एक पावसाळ्यात गावी व एक हिवाळ्यात फडावर, अशा दोन व्हाव्यात. प्रश्नावलीत कुटुंबासंबंधी विचारताना ‘सध्या घरी कोण आहे’ आणि ‘ह्या घरचे कोण बाहेर आहे’ हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारले जावेत. शाळेच्या बाबतीत पटापेक्षा त्या महिन्यातील प्रत्यक्ष हजेरी विचारावी; हंगामी वसतिगृहे व स्थलांतरित मुलांसाठीचे शिक्षण हमी पत्रक ह्यांच्या नोंदी त्यास जोडून घेता येतील. आणि मजुरीसंबंधी विचारताना कोयत्याचा हिशेब मोडून त्यातील दोन माणसांची नावे वेगवेगळी लिहावीत.

ह्यांपैकी शेवटची सूचना अंमलात आणण्यास सर्वांत कमी खर्च येईल. तिच्यासाठी तक्त्यात एक ओळ वाढवावी लागेल. ती ओळ नसेल, तर २०३० साली उद्दिष्ट गाठल्याचे आपण जाहीर करू, आणि त्या वेळी फडात वाकलेली स्त्री त्या जाहीर आकड्यात आहे की नाही, हे आपणांस सांगता येणार नाही.