हुएन साऊ : वर्तुळाकार हाताचे प्रयोजन

चिनी युद्धकलांतील हाताच्या वर्तुळाकार हालचाली पाहणाऱ्यास बहुधा केवळ शोभेच्या वाटतात. वस्तुतः त्यांच्यामागे शरीररचनेचा काटेकोर विचार असतो. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात जोपासलेल्या ‘विंग चुन’ पद्धतीतील ‘हुएन साऊ’, म्हणजे ‘वर्तुळाकार हात’, हे याचे उत्तम उदाहरण होय. फोशानचे यिप मान (१८९३–१९७२) यांनी ही पद्धती १९५०च्या दशकात हाँगकाँग येथे शिकविली व पुढे ती जगभर पसरली.

या क्रियेत कोपर स्थिर ठेवून केवळ मनगटातून पंजा फिरवावयाचा असतो. तिचा पहिला उपयोग सुटकेचा. कोणी मनगट धरले, तर त्या पकडीत एका बाजूस चार बोटे आणि दुसऱ्या बाजूस एकटा अंगठा असतो. हात ओढल्यास चारही बोटांच्या बळाशी झुंजावे लागते. परंतु मनगटाची अरुंद कड अंगठ्याच्या फटीकडे वळविली की पकड सैल होते. दुसरा उपयोग बाजू बदलण्याचा. प्रतिपक्षाचा हात आपल्या हाताच्या आतील बाजूस असेल, तर त्याच्या मनगटाभोवती पंजा फिरवून, स्पर्श न सोडता, आपला हात आत आणता येतो. मग छातीसमोरील मध्यरेषा आपल्या ताब्यात येते. बळाला बळाने अडविण्याची गरज उरत नाही.

तथापि वर्तुळ मोठे झाले की हीच क्रिया घातक ठरते. पंजा फिरत असतो तेवढा काळ मध्यरेषा उघडी पडते. म्हणून दुसरा हात रक्षणार्थ पुढे असावाच लागतो. शिवाय वर्तुळ केव्हा करावयाचे, हे डोळ्यांनी ठरविण्याइतका वेळ नसतो. ते स्पर्शानेच कळावे लागते. त्यासाठी ‘ची साऊ’ हा दोघांनी हातास हात लावून करावयाचा अभ्यास आहे.

पालीच्या अभ्यासकास येथे एक गोष्ट लक्षणीय वाटेल. ही क्रिया ज्या प्राथमिक पाठात येते, त्याचे नाव ‘सिऊ निम ताऊ’. यातील ‘निम’ हे अक्षर म्हणजेच चिनी अनुवादकांनी पाली ‘सति’, संस्कृत ‘स्मृती’, यासाठी योजलेले अक्षर होय. या पाठातील संथ भागात उभा पंजा पुनःपुन्हा छातीकडे येतो. त्यास ‘त्रिवार बुद्धवंदन’ असेही म्हणतात. शाओलिनच्या एका भिक्षुणीने यिम विंग चुन या तरुणीस आत्मरक्षणार्थ ही विद्या दिली, अशी आख्यायिकाही आहे.

परंतु या आख्यायिकेस समकालीन पुरावा नाही, आणि ‘निम’चा नित्य व्यवहारात ‘विचार’ असाही अर्थ होतो. नामसाम्यावरून ही कला बौद्ध ठरविणे इतिहासास धरून होणार नाही. कथा कितीही प्रिय असली तरी तिला पुराव्याच्या जागी बसवू नये. अवधानावाचून हे वर्तुळ निरुपयोगी आहे, एवढे मात्र स्वतःच्या मनगटावर कोणालाही पडताळून पाहता येईल.